नाव लिहिणे सक्तीचे आहे

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला गेला, आत्याचे गुडघे होते तिथेच आहेत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण बरा नसतास तर ऊठसूट फोन केला असतास.

तू म्हणालास मेसेज कर, पत्र कोण लिहितं आता. मेसेज बाबांच्या फोनवरून जातो. बाबा आधी तो वाचतात, मग आत्याला वाचून दाखवतात, मग आत्या स्वतःची दोन वाक्यं त्यात घालते, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा पार चोथा झालेला असतो. फोनवर मी बोलत नाही हे तुला नव्यानं सांगायला नको. म्हणून पत्र. जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तर तुझी सिस्टीम चालू आहे. म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे, चिठ्ठ्या काढणारं मशीन कुरकुरतंय आणि तुझं ते चित्र भिंतीवर लागलंय. बाबांनी चिकटपट्टीनं चारही बाजू अशा चिकटवल्यात की आता ते काढायचं तर भिंतच काढावी लागेल. तीन वर्षं मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकून माणूस काय करतो, तर चौकोन काढतो, गोल काढतो आणि मध्ये बाण काढतो. हे मी बालवाडीत करत होते. वर रंगवतही होते.

बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला ते दाखवतात. "मुलानं काढलंय. आपली सगळी लाँड्री आहे यात." गिऱ्हाईक बघतं, मान हलवतं आणि पँट मागतं. परवा शेजारच्या औषधवाल्यानं सरळ विचारलं, "यात लाँड्री कुठंय?" बाबा म्हणाले, "ते शिकलेल्या माणसाला दिसतं." तेव्हापासून औषधवाला रोज एकदा येऊन चित्रासमोर उभा राहून जातो. बिचारा.

आत्यालाही शोध घ्यायचा होता. तिनं बाबांना विचारलं,

"यात मी कुठंय रे?"

"हा बघ ना, हा चौकोन. कार्यकर्ता एक."

"मी चौकोन?"

"अगं, सगळेच चौकोन आहेत."

"तू?"

"मीपण. फक्त वरचा. निर्णयकर्ता लिहिलंय बघ."

"वरचा!" आत्या म्हणाली. "ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो वरचा."

मी कार्यकर्ता दोन. माझा चौकोन आत्यापेक्षा लहान आहे आणि त्यातून एकच बाण निघतो. तो थेट 'बाह्य घटक' लिहिलेल्या चौकोनाकडे जातो. बाह्य घटक म्हणजे कोण, हे मी तुझ्या फायलीत शोधलं. गिऱ्हाईक! अरे, गिऱ्हाईक म्हणायला काय झालं होतं? गिऱ्हाईक म्हटलं तर मार्क कमी देतात का?

आणि तो बाण. त्या बाणाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे.

काउंटर आणि मागची खोली यांच्यामध्ये तो निळा पडदा आहे ना, त्याच्या आत मी होते. आत्या बाहेर बोलायची, भांडायची, कपडे घ्यायची आणि पडद्याखालून आत सरकवायची. मी कॉलरला रंगीत दोरा बांधायची. हिरवा कुणाचा, पिवळ्याला गाठ मारलेला कुणाचा, आत्याला माहीत, मला माहीत. कुणाचं तोंड बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. मला ते चांगलं चाललं होतं. कुणाची तक्रार नव्हती.

आता दोऱ्याऐवजी चिठ्ठी लागते. चिठ्ठी मशीन काढतं. मशीन काउंटरवर. मशीनला टाइप करून सांगावं लागतं, आणि आत्या टाइप करायला बसली की एकेका अक्षराला शोधून दम लागतो तिला. म्हणून बाबांनी तुझ्या चित्राकडे बघितलं, आणि निर्णयकर्त्यानं निर्णय घेतला. आत्या आत, मी बाहेर.

एका बाणानं, दादा. पेन्सिलीच्या एका बाणानं.

तू बाबांना सांगितलंस म्हणे, "होईल तिला सवय हळूहळू." कुणी सांगितलं तुला? कुठल्या पुस्तकात आहे ते? सेमिस्टर कितवं?

बाकी तुझं कळलं. मार्चमध्ये एक्सटर्नल येणार, बाहेरच्या कॉलेजचा परीक्षक, प्रोजेक्ट खरंच चालतोय का ते दुकानात येऊन बघणार, आणि तू तिथे हजर राहायचं नाही असा नियम. पास झालास की ती नोकरी तुझी, नाहीतर कंपनीवाले एप्रिलनंतर थांबणार नाहीत. तू लिहिलंस, "मुंगे, तू फक्त नीट चालव. बोलायची गरजच पडणार नाही."

चालवतेय.

आत्या विचारते की तिथे जेवण नीट मिळतं का. मी नाही विचारत.

मुंगी

*

१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. सगळे ठीक. आत्या आत बसून घड्या घालते आणि पडद्यातून डोकं काढून गिऱ्हाइकांशी बोलते. म्हणजे बाहेर मी आहे, पण तोंड तिचंच आहे. लोकांना पडदाच बोलतोय असं वाटत असणार.

तुझं पत्र मिळालं. 'शाळेचं काय ठरवलंस, बाहेरून बसता येतं, मी फॉर्म पाठवतो' हे वाचलं आणि पुढे गेले. शाळेचं विचारू नकोस. इस्त्रीचं विचार.

काउंटर कसं चाललंय विचारलंस, ते सांगते. उभी राहते. माणूस येतो, कपडे टाकतो. मी मोजते. फोन नंबर त्यालाच दाबायला देते, कीबोर्ड त्याच्याकडे फिरवते की झालं. लोक आपापला नंबर फार प्रेमानं दाबतात. स्वतःलाच फोन लावतायत असं तोंड करतात. इथपर्यंत मला एक शब्द काढावा लागत नाही आणि मी तुझ्यावर जवळजवळ खूश होते.

पुढे तो रकाना येतो. नाव. त्याच्या डोक्यावर लाल चांदणी. रिकामा ठेवून पुढे गेलं की पाटी येते: 'नाव लिहिणे सक्तीचे आहे.' आणि टुंग वाजतं. ते टुंग तू का घातलंस? सगळं दुकान वळून बघतं.

नाव विचारणं तुला सोपं वाटतं. तू विचारलंस की माणूस सांगतो. मी विचारते तर आधी आवाज येत नाही. मग माणूस म्हणतो, "काय?" मग मी पुन्हा. मग तो "अँ?" करून कान पुढे करतो, काउंटरवर अर्धा आडवा होतो, आणि मागचा माणूस सांगतो, "नाव विचारतायत हो तुमचं." आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी आत्ताच रडणार आहे. मी रडत नाही. मला त्यांच्या नाकात इस्त्री घालावीशी वाटते.

पहिल्या दिवशी तीन जणांना विचारलं. नंतर सोडलं.

आता मी बघते आणि लिहिते. माणसाकडे बघितलं की नाव दिसतं. एक साहेब येतात, त्यांच्या भुवया दुकानात आधी शिरतात आणि ते नंतर. त्यांचं नाव भुवई. एक बाई प्रत्येक कपडा दोनदा मोजतात, आणि मी मोजल्यावर तिसऱ्यांदा. दोनदामोजे. एक आहेत, त्यांचा कोट एकच, तो वर्षातून एकदा धुवायला येतो आणि त्यालाही सूट मागतात. कोटचिंगूस. औषधवाला: चित्रप्रेमी. एकीचं नुसतं पावडर. एक मुलगा आहे कॉलेजातला, शर्टवर तेलाचे डाग पाडतो आणि "माझे नाहीयेत हे" म्हणतो. मग कुणाचे, शर्टाचे? त्याचं नाव माझेनाहीत.

आणि खरं सांगू, चालतंय. पावडर दारात दिसली की पावडर टाइप करायचं, लगेच तिची चिठ्ठी समोर. कप्पा नंबर, कपडे किती, सगळं. हरवलं काही नाही. गेल्या पंधरवड्यात एकही शर्ट इकडचा तिकडे नाही. मागे महिन्याला एक तरी जायचा, आणि आत्या गिऱ्हाइकालाच पटवायची की तुम्ही आणलाच नव्हता. तेव्हा ही एक गोष्ट तुझी बरी आहे. पदवी द्यावी इतकी नाही.

बाबा मागून बघतात, मी टाइप करतेय, मशीनमधून चिठ्ठी येतेय. त्यांना वाटतं मी नावं विचारते. काल जेवताना म्हणाले, "बघ, बोलायला लागली की नाही! मुलानं सिस्टीम काय बसवली, पोरगी बोलायला लागली." आत्या ताटात बघत राहिली. आत बसून तिला सगळं ऐकू येतं, आणि माझा आवाज तिनं ऐकलेला नाही. आत्यानं न बोलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

फोनवर बाबांनी तुलाही तेच सांगितलं असणार. तू खूश झाला असशील. हो रे, तुझ्या चौकोनामुळे.

एवढंच. मशीनचा कागद संपत आलाय, कुठला आणायचा ते लिही. बाबा विचारायला निघाले होते, पण दुकानात जाऊन काय म्हणायचं ते त्यांना कळेना.

मुंगी

*

२२ मार्च

दादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत म्हणायचं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. आत्या बाहेरून म्हणाली, "झालं असेल तर बाहेर ये, पाणी फुकट येत नाही." तू बाबांना काय सांगितलंस ते मला बाहेर आल्यावर कळलं. प्रोजेक्ट परत आला, पुन्हा सादर करायचा, म्हणजे सहा महिने गेले. आणि त्या मेसेजांमुळे झालं असं तुला वाटतंय. बाबांनाही तसंच वाटतंय, आणि ते चांगुलपणानं म्हणतात, "पोरीचं चुकलं, पण तिला काय कळतंय."

मला सगळं कळतंय. म्हणून सरळ लिहिते, मध्ये थांबले तर हे पत्रही जाणार नाही.

एक्सटर्नल यायच्या आदल्या दिवशी तू तिकडे बसून गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जायचं चालू केलंस. मला सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, अचानक चालू दिसलं की छाप पडेल. सकाळी दुकान उघडायच्या आत, ज्यांचे ज्यांचे कपडे कप्प्यात तयार पडले होते त्या सगळ्यांना एकदम मेसेज गेले. 'नमस्कार भुवई, आपले कपडे तयार आहेत.' 'नमस्कार दोनदामोजे, आपले कपडे तयार आहेत.' 'आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात.' ते मोलाचं तुझं, मी नाही लिहिलं.

भुवई सगळ्यात आधी. फोन असा पुढे धरून आले.

"हे कोण?"

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "भुवई… असं कुणी असेल हो. नंबर चुकला असेल."

"कपडे माझे आहेत, नंबर माझा आहे."

बाबांनी वर बघितलं. आणि दादा, इतकी वर्षं ते गृहस्थ येतात, पण बाबांनी त्यांच्या भुवया त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या. त्यांच्या तोंडून "अरेच्चा" निघून गेलं.

पुढचं काय सांगू! कोटचिंगूस आले, तसाच कोट काढून घेतला आणि पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाले. आत्या पडद्यातून म्हणाली, "वर्षातून एकदाच ठेवत होता की!" दोनदामोजे बाईंनी कपडे एकदाच मोजले आणि त्या निघून गेल्या. ते मला सगळ्यात लागलं. माझेनाहीत मित्रांना घेऊन आला आणि त्यांना स्क्रीनवर स्वतःचं नाव दाखवून हसत सुटला. औषधवाला तर बाबांच्या गळ्यातच पडायचा बाकी होता. त्याला वाटलं त्याला पदवी मिळाली. "चित्रप्रेमी! बरोबर ओळखलंत!"

मी काउंटरवर उभी. हलायला जागा नाही. मागे पडदा आहे, एक पाऊल. बाबा सारखे म्हणतायत, "ती बोलत नाही हो, ती बोलत नाही." जसं काही त्यानं सगळं भागतं.

या सगळ्यात एक बाई रांगेत उभ्या होत्या. साध्या चपला, हातात कपडे नाहीत, नुसती फाईल. त्यांची पाळी आली. मी कीबोर्ड फिरवला. त्यांनी नंबर दाबला नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या. मी सवयीनं नावात 'रिकाम्याहा' इथपर्यंत टाइप केलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कॉलेजकडून आलेय. प्रोजेक्ट बघायला."

बाबांनी तिथल्या तिथे खुर्ची पुसली, तीही बसायची जागा सोडून पाठीमागून.

बाई वाईट नव्हत्या. सगळं बघितलं त्यांनी. चिठ्ठी काढून बघितली, कप्पे बघितले, दोन शर्ट शोधून बघितले. मेसेजांचं ऐकल्यावर हसल्या. खरंच हसल्या, फाईल तोंडावर धरून. म्हणाल्या, "हे त्यानं आधी तपासायला हवं होतं. पण दुरुस्त होण्यासारखं आहे. सिस्टीम तर चालतेय." भिंतीवरच्या चित्रासमोर बाबांनी त्यांना नेलं, तेव्हाही छान म्हणाल्या. म्हणजे तू पास झाला होतास, दादा. तोपर्यंत तू पास होतास.

मग त्यांनी फाईल उघडली. "इथे वापरणाऱ्यांच्या मुलाखती आहेत. मालक, त्यांची बहीण, आणि कार्यकर्ता दोन. ती तू ना?"

"हो हो, हीच," बाबा म्हणाले.

"तुझी मुलाखत सगळ्यात मोठी आहे. दोन पानं."

मला वाटलं चुकून दुसरं कुणाचं असेल. तू सिस्टीम बसवायला आलास तेव्हा बाबांना विचारलंस, आत्याला विचारलंस, तिनं तर तुला उठूच दिलं नाही. माझ्याकडे आलास आणि डोक्यावर टपली मारून म्हणालास, "तुझं काय विचारायचं, तुझं मला माहीतच आहे." आणि बस पकडायला गेलास.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. 'प्रश्न: जुन्या पद्धतीत आपणास कोणत्या अडचणी येत होत्या? उत्तर: दोऱ्यांचे रंग लक्षात ठेवणे मला कठीण जात असे.' कठीण? मला? 'प्रश्न: नवीन प्रणालीबद्दल आपले मत? उत्तर: प्रणाली अत्यंत सुलभ असून ग्राहकांशी संवाद साधण्याची संधी मिळाल्याने माझा आत्मविश्वास वाढला आहे.' आणि शेवटी: 'मी माझ्या भावाची आभारी आहे.'

आत्या पडद्याबाहेर आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच डोळ्यांनीच खूण केली. म्हणजे, मान हलव गं. मान हलवायला काय जातं?

बाई म्हणाल्या, "ही उत्तरं तू दिलीस?"

"लाजते हो ती," आत्या म्हणाली. "दिली असतील. भावाशी बोलते ती तेवढी."

"दिलीच," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर दिली."

"मी तिला विचारतेय."

सगळे थांबले. माझेनाहीतसुद्धा. मान हलवायची होती, एवढंच काम होतं. तुझी नोकरी मला माहीत होती, एप्रिल माहीत होता, बाबांनी कुणाकुणाला सांगून ठेवलंय तेही माहीत होतं. हे सगळं माहीत असून मी म्हणाले,

"नाही."

पहिल्यांदा आलाच नाही आवाज. बाई म्हणाल्या, "काय?" आणि मग मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही. मी नाही हे बोलले."

त्यांनी ते लिहून घेतलं. जाताना बाबांना एवढंच म्हणाल्या, की चुका चालतात, बनावट चालत नाही. बाबांनी माझं 'नाही' घाबरून आलं असं धरलं, त्यांना वाटलं बाई मेसेजांबद्दलच बोलतायत. कशामुळे गेलं ते आत्याला कळलं. आत्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या आयुष्यातलं पहिलंच गुपित असावं, कारण चार दिवसांत तिचं वजन उतरलंय.

तर तुझा प्रोजेक्ट मेसेजांनी नाही गेला. माझ्यामुळे गेला. मी माफी मागणार नाही.

तुला आठवतं का, मी लहान असताना माझा कान दुखत होता? डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय बाळ?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "पोटात." तू इतक्या खात्रीनं म्हणालास की मलाही वाटलं असेल पोटातच. ते पांढरं औषध आठवडाभर प्यायले मी, आणि कान दुखतच होता. शाळेतही तसंच. मधल्या सुट्टीत तू माझ्या वर्गात यायचास आणि बाईंना सांगायचास, हिला येतं, फक्त बोलत नाही. हिला पाणी हवंय. हिला खिडकीपाशी बसवा. मला नको होती खिडकी. पण सांगायचीही गरज नव्हती, कुणीतरी सांगत होतं.

मग तू कॉलेजला गेलास.

सगळ्यांना वाटतं मला अभ्यास जमेना म्हणून शाळा सुटली. तुलाही तसंच वाटतं, म्हणून फॉर्म पाठवतोस. अभ्यास तर जमत होता. हजेरीला माझं नाव घ्यायचे, मी "हजर" म्हणायची, ते पहिल्या बाकापर्यंतसुद्धा जायचं नाही. नवीन सर होते, मान वर न करता पुढे जायचे. मी बाकावर बसलेली आणि वहीत गैरहजर. बाजूच्या मुली हसायच्या, पण सरांना सांगायचं कुणी नाही. असं कितीतरी दिवस. मग म्हटलं, खरंच गैरहजर राहावं, निदान खोटं तरी व्हायला नको. एवढंच झालं होतं. शाळा का सुटली, ते तीन वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. तुला माहीतच होतं ना.

माझ्या जागी तूच बोलायचास ते मला आवडायचं, हेही खरं आहे. पण दादा, ती दोन पानं ऐकताना मला जितका राग आला तितका कोटचिंगूसलाही आला नसेल. आत्मविश्वास! अरे, माझं तोंड चोरायचंच होतं तर निदान त्यात चांगली वाक्यं तरी घालायची. 'सुलभ असून'! मी असं बोलते? मी बोलले असते तर तुझे मार्क वाढले असते.

बाबा म्हणाले होते, उद्यापासून आत जा, आत्या येईल बाहेर. मी नाही गेले. आत्याचे गुडघे आहेत, हे एक. आणि दुसरं म्हणजे आता नाव विचारते. "नाव?" एवढंच, एक शब्द. "काय?" म्हणाले तर पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा विचारत नाही, तिसऱ्यांदा त्यांचं नाव मीच ठेवते, आणि हे आता सगळ्यांना माहीत असल्यामुळे लोक दुसऱ्या वेळी नीट ऐकतात. पावडर मात्र म्हणाली की तेच राहू दे. बाकी माणसांबद्दल माझं मत होतं तेच आहे.

तुझी नोकरी जाईल का? बाबा म्हणतात ते लोक थांबतील. आत्या म्हणते थांबणार नाहीत. मला माहीत नाही. रात्री विचार येतो. पण पुन्हा विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते, तेव्हा तो विचार घेऊन मी काय करू?

आता तुला सगळं पुन्हा लिहायचं आहे ना. बाणांचं तू बघ. मुलाखतीसाठी इथे ये. सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना, स्टूल घे आणि समोर बस. कागदावर प्रश्न लिहून आण, आधी वाचायला दिलेस तरी चालेल. एक एक विचार. मध्ये थांबले तर थांबलेली राहू दे. तू सुचवायचं नाहीस, मान हलवायची नाहीस, घड्याळ बघायचं नाहीस. वेळ जाईल. तुझी बस चुकेल कदाचित.

उत्तरं मी देईन. तुझ्या सिस्टीमला आवडतील असं नाही.

आत्यानं विचारलंय की तू रागावला आहेस का. या वेळी मीही विचारते.

कार्यकर्ता दोन नव्हे,
तुझी बहीण